नाव न सांगितलेला काढा

पिवळे डोळे

माझी कावीळ सगळ्यात आधी दिसली ती माझ्या जावेला, आणि त्याचा मला अजून राग येतो.

नवरा रोज समोर बसून जेवतो, त्याला दिसली नाही. मुलगी पल्लवी नागपूरहून व्हिडिओ कॉल करते, तिला दिसली नाही. मी स्वतः रोज आरशात बघून टिकली लावते, मलाही नाही. शीलाला दिसली. अड्याळला आमचं अंगण एक आणि घरं दोन, समोरासमोर. तिच्या घरात काय चाललंय ते माझ्या ओसरीतून दिसतं आणि माझ्या घरातलं तिच्या ओसरीतून. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, धानाची कापणी सुरू होती. मी अंगणात तांदूळ पाखडत बसले होते, तर ती येऊन समोर उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायला लागली.

“काय पाहून राहिली?” मी विचारलं.

“बाई, जराशा उजेडात या बरं.”

“काहून?”

“तुमचे डोळे पिवळे दिसून राहिले.”

“तुलेच बरं दिसते सगळं,” मी म्हणाले आणि पाखडत राहिले.

ती गेल्यावर मी सूप खाली ठेवलं आणि खिडकीशी जाऊन आरसा धरला. पिवळे होते. हळदीचं बोट फिरवल्यासारखे. जेवणाचा वास नको वाटत होता, अंगाला खाज सुटत होती, लघवी चहासारखी होत होती, हे मला बरेच दिवस माहीत होतं. मी त्याला उष्णता म्हणत होते, आणि उष्णतेवर माझ्याकडे घरचं औषध होतं. भीती वाटली ती मागाहून. आधी डोक्यात आलं ते हे, की आता ही गावभर सांगेल, बाईचं दुखणं मीच ओळखलं म्हणून.

हे लिहायला मला माझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, “घरी काढे करणाऱ्या बायका माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.” मी स्वतः चांगली दिसेन अशा बेताने लिहायला बसले होते. पण तसं लिहिलं तर सांगण्यासारखं काही उरतच नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते आहे.

सासूबाईंची वाटणी

माझ्या सासूबाई, आम्ही दोघी जावा त्यांना आत्याबाई म्हणायचो, औषध देत. दोनच औषधं, एक तापाचं आणि एक खोकल्याचं. रविवारी सकाळी, चहाची चूल पेटायच्या आधी, डोक्यावर पदर घेऊन द्यायचं. पैसे घ्यायचे नाहीत. आणि औषध कशाचं आहे ते कोणाला सांगायचं नाही. नाव फोडलं की औषधाचा गुण जातो, असं आमच्याकडे मानतात. घेणारेही विचारत नाहीत. विचारणं वाईट दिसतं.

हात थकले तेव्हा त्यांनी वाटणी केली. तापाचं कडू औषध मोठ्या सुनेला, म्हणजे मला. खोकल्याचं गोड औषध धाकटीला, शीलाला. एकेकीला न्हाणीच्या मागे नेलं, ओल्या हाताने कान धरला आणि कानात सांगितलं. मला वाटलं, मी मोठी म्हणून मला मोठं मिळालं. ताप कुठे आणि खोकला कुठे!

माझ्या वाट्याला काय आलं ते कळायला फार वेळ लागला नाही. ताप आला की लोक आता गोळी घेतात, आणि नाही उतरला तर दवाखान्यात जातात. तेच बरोबर आहे, पण माझ्या ओसरीत कोण येणार? खोकला मात्र रेंगाळतो. दवाखाना झाला, बाटली संपली, तरी रात्री ढास लागतेच. मग लोक शीलाकडे येतात. रविवारी सकाळी तिच्या ओसरीसमोर बायका पोरांना घेऊन उभ्या असतात. चमचा चाटून झाला की पोरं म्हणतात, अजून एक. ती म्हणते, एकच असते. माझं औषध दिलं की पोरं थुंकतात. एक पोरगं तर माझ्या पायावरच थुंकलं होतं.

वरून लोक म्हणणार, “शीलाबाईच्या हाताले गुण आहे.” हे वाक्य मी माझ्या ओसरीत बसून इतक्यांदा ऐकलं आहे, आणि दरवेळी माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे. त्या औषधाची चव कशी आहे हेही मला माहीत नव्हतं. कितीही खोकला आला तरी मी तिच्यापुढे तोंड उघडलं नाही. मेडिकलमधून बाटली आणायची आणि पल्लवीने पाठवली असं सांगायची. मात्र तिच्याकडे पातेलं चढलं की मी नाक वर करून वास घ्यायची. अडुळसा तर असणारच, तो कोणालाही ओळखू येतो. पण गोडी कशाची? मध म्हणावा तर तो वास नाही, गूळ म्हणावा तर तोही नाही. काहीतरी अगदी ओळखीचं होतं आणि सापडत नव्हतं.

मग मी ठरवलं, माझ्या औषधाची जाहिरात आपणच व्हायचं. सासूबाईंचा नियम साधा होता. ताप असेल तरच, अर्धी वाटी, तीन दिवस, की बंद. मी ते रोज घ्यायला लागले. गुडघ्याला चांगलं, साखरेला चांगलं, रक्त शुद्ध होतं. मोबाइलवरही सगळे तेच सांगत होते. अर्ध्या वाटीचा पेला झाला, एकाचे दोन झाले. आटवून आटवून असं दाट करायची की पातेलं घासताना राख पुरायची नाही. शीलाच्या दारात कोणी खोकताना दिसलं की मी मुद्दाम हाक मारून म्हणायची, “मले पाहा, अख्खा पावसाळा गेला, साधी शिंक नाही आली.”

शिंक खरंच आली नव्हती. 

दवाखाना

भंडाऱ्याला एका दवाखान्यात मला भरती केलं. नवरा आणि दीर मिळून धानाचा व्यापार करतात आणि हेच त्यांचे धावपळीचे दिवस. पल्लवीला रजा मिळेना. मी म्हटलं, मी राहते एकटी, त्यात काय. तर शीला आधीच पिशवी भरून तयार. “मी जाते बाईसंगं,” ती म्हणाली, आणि दोघंही भाऊ असे खूश झाले, जणू प्रश्नच मिटला.

रक्त काढलं, सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई वयाने पल्लवीएवढ्या, पण बोलायला ठाम. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, लिव्हरला चांगलीच सूज आहे. खडे नाहीत, काविळीच्या विषाणूंच्या तपासण्यांतही काही निघत नाही. कशामुळे हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय नीट इलाज करता येत नाही.

“दारू घेता?” त्यांनी विचारलं.

“अवं माय!” मी म्हटलं.

“विचारावं लागतं, काकू. दुखण्याच्या गोळ्या? नाही? काही गावठी औषध? काढा, चूर्ण, पुडी?”

शीला माझ्या उशाशी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती.

“नाही,” मी म्हणाले.

वाचणारे म्हणतील, या बाईला वेड लागलं आहे का? जिवावर बेतलं आहे आणि ही लपवते आहे. पण माझ्या बाजूने बघा. डॉक्टरांना सांगायचं म्हणजे शीलासमोर सांगायचं. नाव सांगायचं, माप सांगायचं, कसं कुटते आणि किती आटवते ते सांगायचं. या घरात एवढी एकच गोष्ट अशी होती, जिच्यात शीलाचा वाटा नव्हता. तिचं गोड औषध तर तिच्याकडे होतंच, आता माझं कडूही तिच्या हातात आयतं द्यायचं? शिवाय नाव फोडलं की गुण गेला. मी तोंडाला कुलूप लावलं.

एवढ्यावर मी थांबले नाही, हे जास्त वाईट. माझ्या त्याच औषधाचं वाळवून कुटलेलं चूर्ण मी बटव्यात घालून सोबत आणलं होतं. सकाळी शीला खालून गरम पाणी आणायला गेली की मी चमचाभर जिभेवर टाकायची आणि पाण्याबरोबर गिळायची. सलाइन एका हाताला चालू आणि दुसऱ्या हाताने हे. मला वाटायचं, दवाखान्यातून मी बरी होऊन निघेन तेव्हा मला तरी माहीत असेल की कोणत्या औषधाने.

दवाखान्याचा दिवस अंधारात सुरू होतो. पहाटे सिस्टर येते, दंडाला पट्टा बांधते आणि रक्त घेऊन जाते. मग फरशी पुसणारी बाई, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, आणि मग दुपार, जी सरता सरत नाही. बिनतेलाचं वरण आणि मऊ भात. खाज अशी सुटायची की मी पलंगाच्या लोखंडाला पाठ घासायची. शीला ओलं फडकं करून माझी पाठ पुसायची. थंड वाटायचं, जीव शांत व्हायचा. आणि मी भिंतीकडे तोंड करून विचार करायची, ही हे सगळं लोकांना दिसावं म्हणून करते आहे.

लोकांना दिसतच होतं. दोन दिवसांत अख्खा वॉर्ड तिचा झाला. सिस्टर तिला “शीलामावशी” म्हणायच्या आणि मला “बेड चार”. बाजूच्या पलंगावर सिहोऱ्याची एक म्हातारी होती, तिचं कोणी दिवसा नसायचं. शीला तिची वेणी घालायची, तिला घास भरवायची. म्हातारी मला म्हणाली, “तुही जाऊ लय गुनाची आहे, बाई. असं मानूस नशिबानं भेटते.”

“हो,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

गावाकडून भेटायला बायका यायच्या. त्या मला विचारायच्या, “कसं वाटते?” आणि उत्तर यायच्या आत शीलाकडे वळायच्या. “शीलाबाई, रविवारचं कसं करता मंग? आमचं पोट्टं खोकलून राहिलं.” मी दवाखान्यात आहे तर तापाचं कडू औषध कोण देणार, हे एकीनेही विचारलं नाही. उलट एका बाईने मला काविळीची माळ घालणाऱ्या कोण्या माणसाचा पत्ता दिला. मी स्वतः औषध देणारी बाई, आणि मला दुसऱ्याचा पत्ता! पल्लवीचा फोन यायचा तोही आधी काकूच्या मोबाइलवर. “काकू, आई जेवली का?” आई इथे जिवंत आहे, तिलाच विचार ना.

रिपोर्ट मात्र सुधारत नव्हते. उलट रोज बिघडत होते. डॉक्टरीणबाईंनी हसणं बंद केलं. एका दुपारी त्यांनी माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं आणि बाहेर नेऊन बोलल्या. ते आत आले तेव्हा अंगावर धानाचा भुसा तसाच होता. त्यांनी माझ्या पायावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी माझ्या पायाला हात लावलेला नाही.

“उद्या नागपूरले न्या म्हणते,” ते म्हणाले. “लिव्हर काम करनं बंद करून राहिलं म्हणे. पुष्पे, कुठं दुखते ते तं सांग.”

“दुखत नाही कुठंच,” मी म्हणाले.

त्यांनी दुपट्टा तोंडावर घेतला. माणूस रडतो तेव्हा खांदे हलतात, तेवढे हलताना मला दिसले.

तेव्हा मला पहिल्यांदा खरं खरं कळलं की मी मरू शकते. पल्लवीचं लग्न व्हायचं आहे, ते आठवलं. आणि लगेच, अगदी त्याच्या मागोमाग, मला आमचं अंगण दिसलं. रविवार आहे, शीलाच्या ओसरीसमोर लोक आहेत, आणि तिच्यासमोर दोन पातेली आहेत. एक गोड, एक कडू. मी गेल्यावर माझं औषधही हीच देणार. न सांगता, न शिकवता, तिला ते मिळणारच होतं. लोक म्हणणार, पुष्पाबाईपेक्षा शीलाबाईच्या हातचं कडूही बरं लागते.

त्या विचाराने मी ताडकन उठून बसले. कोणी देवाच्या नावाने उठतं, कोणी लेकरांसाठी. मी शीलावरच्या जळफळाटाने उठले. 

“डॉक्टरीणबाईले बलावा,” मी म्हटलं. “आन् शीले, तू जराशी बाहेर जाय.”

शीलाने माझ्याकडे बघितलं. हातातला पेला ठेवला आणि बाहेर गेली.

नाव

मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. हळू आवाजात, त्यांचा कान जवळ घेऊन, सासूबाईंनी मला सांगितलं होतं तसंच. कडुनिंबावर चढलेला गुळवेल, बोटाएवढा जाड, ठेचून, रात्रभर भिजवून, आटवून. दोन पेले रोज. पावसाळ्याच्या आधीपासून. आणि उशीखालून बटवा काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी बटवा उघडला, वास घेतला. मला वाटलं ओरडतील. त्या नुसत्या पलंगावर बसल्या, जशी पल्लवी बसते.

“इथे पण घेत होता?”

मी मान हलवली.

“काकू, मी तुमच्यासाठी इथे डोकं फोडून घेते आहे.”

“गुळवेल वाईट नाही हो,” मी म्हटलं.

“मी कुठे वाईट म्हणते? काहींना सोसतो, काहींच्या लिव्हरला सोसत नाही. आणि तुम्ही तर पोटाला सवड म्हणून दिली नाही. तुमच्या सासूबाई किती दिवस द्यायच्या?”

“तीन दिवस.”

“मग त्यांचं तरी ऐकायचं होतं.” मग त्यांनी विचारलं, “आणखी कोणाला देता? रोज घेणारं कोणी आहे?” ती गोष्ट माझ्या मनात आलीच नव्हती. तीन दिवसांपुरतं नेणारे होते, पण माझं बघून दोघी-तिघी रोज घ्यायला लागल्या होत्या. मी नावं सांगितली. त्या म्हणाल्या, आजच निरोप द्या, बंद करा आणि रक्त तपासून घ्या.

“एक करा,” मी म्हटलं. “बाहेर माही जाऊ आहे, तिले नका सांगू.”

“त्यांनाच तर सांगायचंय. तुमचं खाणंपिणं त्या बघतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि दारात जाऊन मोठ्याने बोलल्या, “शीलाताई, यांना गुळवेल अजिबात द्यायचा नाही. काढा नाही, चूर्ण नाही, रस नाही. गुळवेल पूर्ण बंद!”

अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. सिहोऱ्याची म्हातारी उठून बसली. “गुळवेल होय? आमच्या कुंपनावर तं ढीगभर पडला आहे.”

माझं जन्मभर जपलेलं गुपित हे असं फुटलं. मी डोक्यावरून चादर ओढून घेतली. 

थोड्या वेळाने शीला आत आली, स्टुलावर बसली आणि वाळलेल्या चादरीच्या घड्या घालायला लागली. मी वाट बघत होते, आता ही काहीतरी बोलेल. चार घड्या झाल्यावर ती म्हणाली, “मले माहीत होतं, बाई.”

“काय माहीत होतं?”

“गुळवेल. आंगनातल्या निंबाचा अर्धा वेल उतरला. मी का आंधळी आहे? रोज सकाळी तुमच्या पातेल्याचा वास माह्या घरात येते.”

मी चादर बाजूला केली. “मंग डॉक्टरनं इचारलं तेव्हा सांगितलं काहून नाही?”

तिच्या हातातली चादर तशीच राहिली. “दोन खेपा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आली मी. पन तुमचं औषध माह्या तोंडून निंघालं असतं, तं तुम्ही जलमभर म्हटलं असतं का शीलानं माह्या हातचा गुन घालवला. आत्याबाईनं एक गोष्ट तुमाले देली, तेबी मी घेतली असं झालं असतं.” मग ती रडायला लागली. “आज नागपूरचं आयकलं आन् माहे हातपाय गळाले. मी सांगनारच होती आज. तुम्ही बाहेर जाय म्हटलं तं मले वाटलं, आता माह्यावरच काही घालता.”

तिचं खोटं नव्हतं. मी खरंच जन्मभर म्हटलं असतं. मी मरता मरताही म्हटलं असतं.

मला खूप काही बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं ते हे, “पाठ खाजवून राहिली. पूस जराशी.” तिने नाक पुसलं, फडकं ओलं केलं आणि माझी पाठ पुसली. या वेळी मी भिंतीकडे तोंड केलं नाही.

दुसऱ्या दिवशी नागपूरला न्यावं लागलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबून बघू. रिपोर्ट आधी चढायचे थांबले आणि मग हळूहळू उतरायला लागले. 

रविवार

घरी आल्यावरही बरं व्हायला पुष्कळ वेळ लागला. थकवा असा की वेणी घालताना हात खाली यायचे. शीलाने मी दवाखान्यात असतानाच त्या दोघी-तिघींच्या घरी जाऊन काढा बंद करायला लावला होता. त्यांचं रक्त ठीक निघालं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी माझं काढ्याचं पातेलं घासून माळ्यावर टाकलं.

घरगुती औषध करू नका असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे आजही पडशाला आलं-तुळस उकळते, पोट बिघडलं तर ओवा तव्यावर भाजून देतात. पण पूर्वी लोक दुखेल तेव्हा, दुखेल तेवढंच घ्यायचे, आता आपण बरं असतानाही रोज पेले भरतो, आणि ते घरचं आहे म्हणून मोजत नाही. पोटुशीला, तान्ह्या लेकराला, आधीच गोळ्या चालू असणाऱ्याला आता आमच्या अंगणात कोणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देत नाही. आणि डॉक्टरने विचारलं की सांगायचं. शेजारी जाऊ उभी असली तरी सांगायचं.

पौष संपता संपता मला खोकला लागला. साधाच, पण जाईना. पल्लवीच्या नावाने बाटली आणायचाही आता धीर नव्हता. रविवार होता. मी डोक्यावर पदर घेतला, अंगण ओलांडलं आणि शीलाच्या ओसरीसमोर इतर बायकांच्या मागे जाऊन उभी राहिले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. शीलाचा चमचा हातातच राहिला.

“मलेही दे,” मी म्हटलं. हे दोन शब्द बोलायला मला एका दुखण्याएवढी ताकद लागली.

“डॉक्टरीनबाईले इचारल्याबिगर नाही देत,” ती म्हणाली.

तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काय काय आहे त्यात, ते सांगा.”

मला वाटलं आता ही आत जाईल, दार लावून बोलेल. बायकाही दोन पावलं मागे सरकल्या, ऐकू नये म्हणून. शीलाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर सांगायला लागली. “अडुळशाची पिकली पानं, वाफवून त्याचा रस. बेहड्याची साल. सुंठ, थोडीशी. ज्येष्ठमध. आन्...” ती थांबली. तिचे कान लाल झाले. “आन् मोह.”

“अवं माय, मोह!” मागून कोणीतरी म्हणालं.

“मोह? दारूचा?” फोनमधून आवाज आला.

“नाही मॅडम, फुलं. वाळवलेली फुलं उकळून पाक करते. गोडीसाठी. त्यात नशा नाही राहत काही.”

मोह! आमच्या शेताच्या बांधावर पडतो, लहानपणी पदरात वेचला, आणि इतकी वर्षं मी नाक वर करून मध की गूळ करत बसले. ओळखीचा वास सापडत नव्हता, कारण पोरांच्या औषधात कोणी मोह घालेल असं मनातच येत नाही. लोक काय म्हणतील या लाजेने शीलाने तो जास्तच लपवला असणार. आणि आता तिने तो माझ्यासाठी भर अंगणात सांगून टाकला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बाकीच्यांचं मी फोनवर सांगत नाही. पण पुष्पाकाकूंना नाही. रिपोर्ट पूर्ण चांगला येईपर्यंत काहीही नाही. वाफ घ्या, मिठाच्या गुळण्या करा, आणि दोन दिवसांत कमी नाही झालं तर इकडे या.”

झालं. शीलाने स्वतःच्या औषधाचं नाव फोडलं ते माझ्यासाठी, आणि त्या दिवशी सगळ्यांना चमचा मिळाला, मला नाही. मी बाजूला उभी राहून पोरं चमचा चाटताना बघत होते. 

आता पुढच्या रविवारी हिच्याकडे कोण येतं, असं मला वाटलं. अडुळसा सगळ्यांच्या कुंपणाला, मोह सगळ्यांच्या घरात. थोडं बरंही वाटलं, खोटं का बोलू? तर पुढच्या रविवारी होते तेवढे लोक आलेच, वर दोन नवीन. एक बाई म्हणाली, “घरी करून पाह्यलं शीलाबाई, पन तुमच्यासारखं नाही झालं.” मी माझ्या ओसरीत बसले होते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुखण्यातून उठल्यावर एवढं जोराने मला पहिल्यांदाच काही वाटलं होतं.

चैत्रात माझा रिपोर्ट पूर्ण चांगला आला. अंगणात शीलाने नवा मोह वाळत घातला होता, आता उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा. उन्हं आणि धूळ, माझा घसा पुन्हा धरला होता. मी आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एक चमचा, दोन दिवस, आणि काही वाटलं तर लगेच कळवा.

रविवारी मी पदर घेऊन रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला. मी तोंड उघडलं आणि शीलाने चमचा दिला.

आधी सुंठ लागली, मग अडुळशाचा कडवटपणा, आणि मग मोह. गोड होतं. इतकं गोड होतं की इतक्या वर्षांचा राग पुन्हा पहिल्यापासून आला. एवढं चांगलं सासूबाईंनी हिला दिलं आणि मला ते पोरं थुंकतात ते.

मी चमचा चाटून पुसून घेतला.

“अजून एक,” मी म्हटलं.

“एकच असते, बाई,” शीला म्हणाली, आणि माझ्या मागच्या पोराला पुढे बोलावलं.